रंग पुसल्याने इतिहास होतो काय? : उरणच्या निमित्ताने

भूतकाळाला रंग नसतो, अशी एक समजूत आपल्या दृश्यसंस्कृतीत खोलवर रुजलेली आहे. चित्रपटात पात्राला जुने काही आठवू लागले की पडद्यावरचे रंग ओसरतात. माहितीपटात निवेदक 'त्या काळी' असे म्हणाला की चित्र करडे होते. पूर्वी ह्यासाठी वेगळी फिल्म आणि वेगळी प्रक्रिया लागत असे. आता संगणकावर संकलनाचे सॉफ्टवेअर उघडावे, रंगीत चित्रफीत निवडावी आणि रंगाच्या तीव्रतेची पट्टी शून्यावर आणावी, एवढे पुरते. हे काम इतके सोपे झाल्यामुळेच त्यामागच्या अर्थाचा विचार करण्याची गरज कोणाला भासेनाशी झाली आहे. रंगीत चित्रफीत कृष्णधवल करणे ही तांत्रिक कृती आहे, तशीच ती इतिहासलेखनातील कृतीही आहे, असे आम्हांला वाटते. ह्या लेखात ते उरण तालुक्याचे उदाहरण घेऊन तपासायचे आहे.

उरणच का? कारण ह्या एका तालुक्याच्या स्मृतीत गोळीबाराच्या दोन घटना आहेत आणि त्यांच्यात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. पहिली २५ सप्टेंबर १९३० ची, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाची. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या आगरी, कातकरी आणि इतर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसरी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ची. नवी मुंबईसाठी आणि न्हावा-शेवा बंदरासाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जासई आणि नवघर परिसरात दोन दिवसांत झालेल्या गोळीबारांत पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. आता अशी कल्पना करू की, उद्या कोणी उरणच्या लढ्यांवर माहितीपट काढला आणि दोन्ही प्रसंगांना एकच करडा रंग दिला. प्रेक्षकाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. दोन्ही हुतात्म्यांच्या कथा, दोन्ही जुन्या, दोन्ही आदरणीय. परंतु १९३० आणि १९८४ ही वर्षे एका रंगाची होती काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी हे पाहिले पाहिजे की भूतकाळ रंगहीन असल्याची समजूत मुळात फार जुनी नाही. छायाचित्रण येण्यापूर्वी चित्रातला भूतकाळ रंगीतच होता. उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीचे उदाहरण घ्या. इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल ह्याने १८०० च्या सुमारास प्रसिद्ध केलेली तेथील लेण्यांची मुद्राचित्रे रंगीत आहेत. त्यांत दगडाला ऊब आहे, झाडोऱ्याला हिरवा रंग आहे. पुढे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, कॅमेरे लेण्यांपर्यंत पोहोचले आणि त्याच लेण्या एका रंगाच्या झाल्या. म्हणजे अलीकडचे चित्र बेरंगी आणि त्याआधीचे रंगीत, असा उलटा क्रम येथे दिसतो. आणखी मागे जावे तर ह्या लेण्या एकेकाळी रंगवलेल्या होत्या. त्या रंगांच्या आता केवळ खुणा उरल्या आहेत. आज ज्या काळ्या-करड्या पाषाणाला आपण प्राचीनतेचे गांभीर्य मानतो, तो घडवणाऱ्यांना अभिप्रेत असलेला अखेरचा रंग नव्हता. रंग गळून गेले आणि उरलेल्या दगडालाच आपण प्राचीन म्हणू लागलो.

हीच गोष्ट आपल्या देवादिकांच्या बाबतीतही घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्यातून, आधी मुंबईतून आणि मग लोणावळ्याजवळच्या मळवलीहून, देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. दादासाहेब फाळके ह्याच जगातून आले. रविवर्मांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते आणि रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले होते. १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा भिंतीवर रंगीत असलेले पौराणिक विश्व पडद्यावर कृष्णधवल झाले. त्यावेळच्या प्रेक्षकाला त्यात 'जुनेपण' दिसले नसणार, कारण कृष्णधवल ही तेव्हाची सर्वांत नवी गोष्ट होती.

रंगाचे प्रयत्नही आपल्याकडे लवकर सुरू झाले. 'प्रभात'ने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी जर्मनीतील प्रयोगशाळेची मदत घेतली. तो प्रयत्न फसला. वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, एक बोलके दृश्य दिसते. सोहराब मोदी ह्यांनी 'झाँसी की रानी' टेक्निकलरमध्ये काढला, आणि त्याच वर्षी आचार्य अत्रे ह्यांचा 'श्यामची आई' कृष्णधवल आला. १८५७ ची राणी रंगीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची कोकणातली आई रंगहीन! तेव्हाचा रंग पैशावर आणि यंत्रसामग्रीवर अवलंबून होता, कथेच्या काळावर नव्हे. कृष्णधवल म्हणजे भूतकाळ हे समीकरण बसले ते पुढे, रंगीत फिल्म सर्वसाधारण झाल्यानंतर. ज्या पिढीने आजोबांचे फोटो करडे आणि स्वतःचे रंगीत पाहिले, त्या पिढीने हे व्याकरण रचले.

आता १९८४ कडे वळू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते कृष्णधवल. देशात रंगीत प्रक्षेपण आले १५ ऑगस्ट १९८२ रोजी, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील आशियाई स्पर्धांनी त्याचा गाजावाजा झाला. म्हणजे जासईचा गोळीबार झाला तेव्हा सरकारी दूरचित्रवाणी रंगीत होऊन सतरा महिने झाले होते. पण प्रक्षेपण रंगीत झाले म्हणून घरातला संच रंगीत होत नाही. लाखो घरांत पुढे कित्येक वर्षे रंगीत कार्यक्रम कृष्णधवल संचावरच पाहिले गेले.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण आजच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या पट्टीचा उगम बऱ्याच अंशी तेथेच आहे. रंगीत प्रक्षेपणाची रचना करताना अभियंत्यांपुढे अट होती की जुन्या संचांवरही चित्र दिसले पाहिजे. म्हणून त्यांनी संकेताचे दोन भाग केले: एक उजेडाचा, दुसरा रंगाचा. कृष्णधवल संच उजेडाचा भाग घेई आणि रंगाचा सोडून देई. उजेडाचा भाग बनवताना लाल, हिरवा आणि निळा ह्यांना सारखे महत्त्व देऊन चालत नाही, कारण मानवी डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो. त्यामुळे लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असे भार ठरले. १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीपासून चालत आलेले हे भार १९८२ च्या डिजिटल मानकातही राहिले. पुढे उच्च सुस्पष्टतेच्या चित्रासाठी १९९० मध्ये ते बदलून ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ असे झाले.

ह्यावरून एक आक्षेप निघतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९८४ मध्ये वर्तमानपत्रांतली छायाचित्रे काळी-पांढरी होती आणि बहुतेकांच्या घरचा संचही तसाच होता. मग त्या काळाचे चित्रण कृष्णधवल केले तर ते त्या काळाच्या पाहण्याशी इमान राखणेच नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु ते इमान दूर बसून पाहणाऱ्याशी राखलेले असेल. जे जासईच्या रस्त्यावर उभे होते, त्यांनी ती सकाळ करड्या रंगात पाहिली नाही. कृष्णधवल करणारा संकलक नकळत एक बाजू निवडतो. घटनेच्या जागी असलेल्यांची नजर सोडून तो वर्तमानपत्र वाचणाऱ्याची नजर घेतो.

त्यातही 'कृष्णधवल' ही काही एकच गोष्ट नाही. संगणकावर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा ह्यांतील प्रत्येकाची तीव्रता २५५ मानली, तर जुन्या भारांनुसार त्यांचे करडे अनुक्रमे ७६, १५० आणि २९ होतात. नव्या भारांनी तोच लाल ५४ होतो, म्हणजे बराच काळवंडतो. काही साधनांत तिन्हींची नुसती सरासरी काढली जाते. मग तिन्ही रंग ८५ ह्या एकाच करड्यात विलीन होतात. जुन्या फिल्मचे आणखी वेगळेच होते. १९२० च्या दशकापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती; तिच्यावर कुंकू काळे उमटे. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म नंतर रूढ झाली. तेव्हा 'जुन्या काळासारखे' करायचे म्हटले तरी कोणत्या जुन्या काळासारखे, हे ठरवावेच लागते. पट्टी शून्यावर नेणारा ते ठरवत नाही; त्याच्या वतीने सॉफ्टवेअर ठरवते.

उरणच्या संदर्भात ह्या आकड्यांना राजकीय अर्थ येतो. दि. बा. पाटील ज्या शेतकरी कामगार पक्षाचे नेते होते त्याचा झेंडा लाल. वर दिलेल्या जुन्या भारांनुसार शुद्ध लालाचा करडा ७६ येतो, आणि ज्या गडद हिरव्याची तीव्रता सुमारे १३० आहे त्याचाही ७६ च येतो. म्हणजे लाल बावटा आणि त्यामागची खाडीकाठची खारफुटी ह्यांच्यातला फरक एका क्षणात नाहीसा होऊ शकतो. कोण कोणत्या झेंड्याखाली उभे होते, कोणत्या पक्षांचे लोक एकत्र आले होते, हे रंगाने कळणारे सत्य आहे. करड्या चित्रात उरतो तो केवळ 'जमाव'. आणि जमाव म्हटले की त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या बंदोबस्ताची बाजू आपोआप समंजस वाटू लागते.

दुसरी गोष्ट जमिनीची. हा लढा जमिनीसाठीच होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या जमिनींत भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाजण होते. कोणती जमीन पिकती, कोणती खारी, कोणती पडीक, ह्यावर मोबदल्याचा वाद उभा राहतो. आणि चित्रात हा भेद दाखवण्याचे काम मुख्यतः रंग करतो. कापणी झालेल्या खाचराचा पिवळट तपकिरी, खारफुटीचा हिरवा, ओल्या चिखलाचा काळसर, मिठाच्या राशीचा पांढरा, हे रंग काढून टाकले की मिठाची रास तेवढी ओळखू येते, बाकी सारे एक ओसाड मैदान दिसते. विकासासाठी 'मोकळी जागा' घेतली, ही कथा सांगणाऱ्याला असे चित्र फारच सोयीचे. आज तर ती जमीन पुन्हा जाऊन चित्रित करता येत नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून चिर्ल्यापर्यंत येणारा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे ह्या दोन्हींचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. जुनी रंगीत चौकट हाच आता त्या भूमीचा पुरावा आहे.

पुसलेला रंग परत आणता येतो, असे कोणी म्हणेल. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झालाच की. परंतु गणित वेगळे सांगते. संगणकाच्या नेहमीच्या चित्रात सुमारे १ कोटी ६७ लाख रंग शक्य असतात आणि करड्याच्या छटा २५६. म्हणजे एका करड्यामागे सरासरी ६५,५३६ रंग दडलेले असतात. त्यांतला नेमका कोणता होता हे करडे चित्र स्वतः सांगू शकत नाही. रंगवणारा जाणकार असेल, कागदपत्रे पाहील, तरी अखेर तो अंदाजच बांधेल. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल शाबूत राहते हे खरे; पण हातोहात फिरते ती कृष्णधवल प्रत, आणि मूळ कोणाच्या तरी बिघडलेल्या डिस्कमध्ये राहून जाते.

ह्या रूपांतरासोबत आणखी एक अलंकार येतो: चित्रावर ओरखडे, थरथर आणि धुळीचे ठिपके पाडणारी तयार साधने. ऐंशीच्या दशकातील व्हिडिओ टेपवर हे दोष नसतात. टेपचे दोष वेगळे, आडव्या पट्ट्या सरकतात, रंग कडेला ओघळतात, चित्र मध्येच तुटते. टेपवरच्या चित्रणावर फिल्मचे ओरखडे चढवणे म्हणजे १९८४ च्या पत्रावर मोडी लिपीतला शिक्का मारण्यासारखे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ह्याची जातकुळी ओळखता येईल. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने बखरीच्या वळणाची एक भाषा घडवली. ती कोणत्याही शतकात जशीच्या तशी बोलली गेली नसेल, पण ती कानी पडताच वाचक इतिहासात शिरतो. ओरखडे हे चित्रभाषेतले 'जी महाराज' आहेत. त्यांनी काळ सिद्ध होत नाही, काळाचा भास होतो. कादंबरीत तो भास वाचकाने समजून स्वीकारलेला असतो. माहितीपटाचा प्रेक्षक मात्र समोरचे चित्र पुरावा म्हणून पाहतो.

ह्याचा अर्थ कृष्णधवल हे माध्यमच त्याज्य आहे, असा नाही. २०२३ मध्ये सुजय डहाके ह्यांनी 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणला, तोही कृष्णधवल. रंगीत चित्रपट काढणे सहज शक्य असताना घेतलेला हा निर्णय उघड होता. प्रेक्षकाला आपण काय पाहतो आहोत हे ठाऊक होते, आणि १९५३ च्या चित्रपटाची आठवण त्या निवडीत अनुस्यूत होती. कल्पित कथेत रंग गाळणे ही शैली आहे. चिंता वाटते ती साक्षीच्या चित्रणातून रंग गाळला जातो तेव्हा.

कारण १९८४ ची गोष्ट संपलेली नाही. त्या लढ्यातून शेतकऱ्याला विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९० च्या दशकात त्याला योजनेचे रूप मिळाले. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील ह्यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये भूमिपुत्र मानवी साखळी करून रस्त्यावर उभे राहिले. गोळीबार पाहिलेली माणसे आज ह्या गावांत राहतात, त्यांची नातवंडे बंदरात कामाला जातात. अशा घटनेला करडे करणे म्हणजे तिला चिरनेरच्या शेजारी, हिशेब मिटलेल्या इतिहासाच्या कपाटात ठेवणे. तेथे तिला पुष्पचक्र मिळेल; मागणी म्हणून कोणी ऐकणार नाही.

रंगाबरोबर आणखी काय गाळले जाते, हेही पाहावे. उरणच्या वृद्धांची साक्ष टिपताना त्यांची आगरी बोली बहुधा निवेदनात प्रमाण मराठीत 'नीट' केली जाते. आशय तोच राहतो, असे समर्थनही केले जाते. कृष्णधवल संचही हेच करीत असे: उजेड ठेवी आणि रंग सोडून देई. वाक्याचा उजेड प्रमाण भाषेत येतो. पण बोलणारा कोण, कोठला, कोणत्या रागाने बोलतो, हे बोलीच्या रंगात असते. विद्यापीठांत मौखिक इतिहासाचे प्रकल्प करणाऱ्यांनी ही दोन रूपांतरे एकत्र तपासावीत, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

शेवटी तंत्राच्या इतिहासातलीच एक गोष्ट. टेक्निकलरच्या जुन्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसेच. प्रकाश विभागून तीन कृष्णधवल निगेटिव्हांवर टिपला जाई, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नोंद स्वतंत्र. 'झाँसी की रानी' असाच चित्रित झाला. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्ये काळाबरोबर उडतात, चांदीचे कृष्णधवल चित्र अधिक टिकते; म्हणून मौल्यवान रंगीत चित्रपट जपतानाही अशा तीन वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती काढण्याची रीत पडली. तिन्ही एकत्र आणल्या की रंग परत उभा राहतो. म्हणजे रंग हरवतो तो एकाच नोंदीवर भागवल्यामुळे.

जासईच्या घटनेच्याही अशा नोंदी आहेत: सरकारी कागद, वर्तमानपत्रे, आणि गावांच्या आठवणी. ह्यांतली प्रत्येक नोंद एकेका रंगाला आंधळी आहे, आणि कोणतीही एक घेऊन केलेला इतिहास करडाच होणार. उरणवर उद्या कोणी चित्रफीत करील, त्याने मूळ रंगीत प्रत जपावी, जेथे रंग काढला तेथे तसे पडद्यावर लिहावे, आणि साक्षीदाराला त्याच्या बोलीत बोलू द्यावे. एवढे केले, तरी पाहणाऱ्याला त्या दिवशीचा झेंडा लाल होता हे कोणाच्या सांगण्यावर विसंबून मानावे लागणार नाही.